घरगाडीचा तिसरा मुक्काम

१

पंजाबराव रिटायर झाले आणि लिलाबाईच्या डोक्याला ताप झाला. एकतीस वर्षं माणूस एसटीचं स्टेअरिंग धरून बसलेला. आता हातात काही नाही म्हटल्यावर ते घरातल्या घरात गाडी हाकायला लागले. लिलाबाई भाकर थापायला बसली की मागून आवाज यायचा, "जरा डाव्या बाजूनं दाब वं, जाड राह्यली." अंगणवाडीत तिनं पन्नास पोरांचा कल्ला हसत सोसला होता, पण या एका रिकामटेकड्या म्हाताऱ्यापुढं तिनं हात टेकले.

शेवटी लेकीनं, धम्मदीपानं, पुण्यातून तोड काढली. परदेशातले लोक म्हणे घरासारख्या गाड्या घेऊन देशोदेशी हिंडतात. गाडीतच चूल, गाडीतच बिछाना. त्यांना फक्त रात्रीपुरती गाडी उभी करायला जागा लागते, आणि अशा जागा दाखवणारं एक ॲप असतं. धम्मदीपानं त्यात मेडशीचं आपलं घरालगतचं वावर टाकून दिलं. हायवेपासून दोनशे पावलं, विहिरीचं पाणी, निंबाची सावली, पैसे नाहीत.

"बाबाले माणसं भेटतीन, आई. तुले जराशी शांती भेटन."

"मेडशीले कोन येते वं परदेशातून मरायले?" लिलाबाई म्हणाली.

सोयाबीन निघून गेलं, तूर शेंगांनी लदली, आणि डिसेंबरातल्या एका दुपारी चारच्या सुमारास एक पांढरी, बसच्या निम्म्यानं असेल अशी गाडी हायवे सोडून त्यांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वळली. पंजाबराव खाटेवरून उठले ते चप्पल न घालताच धावले.

२

गाडीतून दोघं उतरले. बाई मार्टा, साठीची, केस पांढरे आणि हसणं पोरीसारखं. तिचा नवरा हेंड्रिक, ताडमाड उंच, अंगात खिशाखिशांचं खाकी जाकीट आणि डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी. हॉलंडहून निघून दोन वर्षं झाली होती म्हणे. मार्टा फोनमध्ये इंग्रजीत बोलायची आणि फोन मराठीत बोलायचा, तेही असं मराठी की लिलाबाईला शाळेतल्या भूगोलाच्या बाईंची आठवण व्हावी.

"आपल्या आतिथ्याबद्दल आम्ही आभारी आहोत," फोन म्हणाला.

"अव माय, आतिथ्य अजून केलंच कुठं?" लिलाबाई म्हणाली. "चाला आतमंदी, चहा घ्या."

आत जाताना हेंड्रिकनं कपाळ फोडून घेतलं. ते ठरलेलंच होतं. घर बांधताना चौकटीचं लाकूड कमी पडलं आणि मिस्त्रीनं दार तेवढंच ठेवलं. तेव्हापासून या घरात येणारा प्रत्येक नवा माणूस एकदा तरी धडकतो. घरातली दोघं न बघता वाकतात. पंजाबराव खो खो हसले, लिलाबाईनं हळद लावली, हेंड्रिकही कपाळ धरून हसला. चहा झाला, दुसरा चहा झाला.

मग पंजाबरावांनी गाडी बघायला मागितली. स्टेअरिंग डावीकडं! ते त्या सीटवर बसले, दोन्ही हात ठेवले, आणि रिटायर झाल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा लिलाबाईनं त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला. तिलाच भरून आलं. किती दिवस आपण या माणसावर नुसतं खेकसत होतो, असं तिला वाटलं.

जाता जाता मार्टानं फोन पुढं केला. "आम्ही कुठेही फक्त एक रात्र थांबतो," फोन म्हणाला. "कृपया आम्हाला अधिक थांबण्याचा आग्रह करू नका. लोक करतात."

पाहुण्यानं असं म्हणायचंच असतं. लिलाबाईनं मान डोलावली आणि मनात उद्याच्या, तुरीचे ओले दाणे घालून करायच्या सोलेभाताचं ठरवून टाकलं.

३

आता वऱ्हाडात पाहुणा निघतो म्हणाला आणि घरातल्या बाईनं "बरं, या" म्हटलं, तर त्या बाईचं नाव पार नागपूरपर्यंत खराब होतं. निघणाऱ्याची पिशवी हिसकून घ्यायची, चपला लपवायच्या, एसटी चुकवायची, मग कुठं माणुसकी झाली म्हणायची. लिलाबाईनं तर सख्ख्या नणंदेची बॅग एकदा कणगीत दडवली होती.

सकाळी हेंड्रिकनं खुर्च्या घड्या करून आत टाकल्या तशी ती पदर खोचून गाडीच्या पायरीपाशी उभी राहिली.

"काल आल्या न आज चालल्या? असं असते का कुठं? तुरीचे दाणे काढून ठेवले मी. राहा एक रोज."

फोननं काय सांगितलं कोण जाणे. मार्टाचं हसू क्षणभर तसंच चेहऱ्यावर थांबलं. तिनं हेंड्रिककडं पाहिलं. मग पुढच्या काचेतून पंजाबरावांकडं पाहिलं. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसा पुसत होते.

"आपण आग्रह करत आहात का?" फोननं विचारलं.

"हो, हो! आग्रहच व्हय."

"आपण खरोखर आग्रह करत आहात का?"

"अव बाई, किती डाव सांगू? गळ्याची आन हाय, राहा!"

मार्टानं तिचा हात हातात घेतला. हात थंडगार होता, पण डिसेंबरची सकाळ होती, सगळ्यांचेच हात थंड होते.

"ठीक आहे," फोन म्हणाला. "आपण तीनदा म्हणालात."

४

तो दिवस लिलाबाईला पुढं कितीदा आठवला असेल, कारण इतका मजेचा दिवस त्या घरात बऱ्याच वर्षांत आला नव्हता. हेंड्रिक तिच्याबरोबर तुरीत शिरला आणि शेंगा तोडायला लागला. जेवायला मांडी घालून बसला, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी ताटातला कण सोडला नाही. पंजाबराव दिवसभर गाडीत. पाण्याची टाकी कशी भरायची, संडासाचा डबा कसा काढायचा, गॅस कुठून बंद करायचा, सगळं मार्टा शिकवत होती आणि हा गडी शाळेतल्या पोरासारखा शिकत होता.

"अवो, तुमाले काय गाडी विकत घ्यायची हाय का?" लिलाबाईनं ओरडून विचारलं.

"समजून घेऊन राह्यलो फक्त!"

संध्याकाळी ते घरात आले, खाटेवर टेकले. लिलाबाईनं पाण्याचा गिलास दिला. ते प्यायले, गिलास परत केला आणि म्हणाले, "थँक्यू."

लिलाबाई हसून हसून लोळली. बेचाळीस वर्षं या माणसाला पाणी देत होती; पहिल्या दिवशीही त्यानं थँक्यू म्हटलं नव्हतं. तिनं लगेच धम्मदीपाला फोन लावला, "आयक वं, तुह्या बापाले इंग्रज चावला!" तिकडं लेकही हसत सुटली.

जेवताना पंजाबरावांनी चमचा मागितला. मग म्हणाले, "मीठ कुठं असते आपल्या घरी?"

मीठ तिथंच होतं, चुलीच्या वरच्या कोनाड्यात, घर बांधल्यापासून. लिलाबाईनं बोट दाखवलं. या वेळी ती हसली, पण लोळली नाही.

५

तिसऱ्या दिवशी तिला उशिरा जाग आली. चूल पेटल्याचा वास आला म्हणून ती उठून बसली. चुलीपुढं हेंड्रिक उकिडवा बसला होता आणि फुंकणी फुंकत होता. फुंकणी चुलीमागं खुंटीला असते. बाहेरच्या माणसाला ती दिसतसुद्धा नाही.

"काहून वं," तो वर न बघता म्हणाला, "आज भाकर नाई टाकत का?"

दोन दिवसांत माणूस चार शब्द शिकतो, तिनं स्वतःला समजावलं. अंगणवाडीत बिहारी मजुरांची पोरं आठवड्यात वऱ्हाडी बोलायची. हुशार असेल बापडा.

तेवढ्यात तो पाणी आणायला उठला आणि दारातून बाहेर गेला. जाताना त्यानं मान खाली घातली, सहज, दाराकडं न बघता.

आणि बाहेरून पंजाबराव आत आले. ठाण्‌ करून चौकटीवर कपाळ आदळलं. कपाळ धरून ते जागच्या जागी उभे राहिले, आणि चौकटीकडं बघत राहिले, जणू हे दार इथं कधी आलं असं विचारत होते.

लिलाबाईनं हळदीचा डबा काढला. हळद लावताना ती त्यांच्या डोळ्यांत आपला माणूस शोधत होती आणि ते हसून, अगदी अदबीनं, म्हणाले, "थँक्यू."

६

हे सांगायला हवं की लिलाबाई भुताखेताला भीक घालणारी बाई नव्हती. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्यापुढं बसून ती पोरांना सांगायची, जे तपासता येत नाही ते मानायचं नाही. अंगणवाडीत रात्री भूत रडतं म्हणून गाव पळालं होतं तेव्हा ती एकटी कंदील घेऊन आत गेली आणि खिचडीच्या पोत्यामागून मांजरीची चार पिल्लं घेऊन बाहेर आली. तर आताही तिनं तपासायचं ठरवलं.

आधी तिनं धम्मदीपाला सगळं सांगितलं.

"आई, बाबा इतक्या वर्षांत पह्यल्यांदा खुश हायेत," लेक म्हणाली. "डोकं आपटलं तं आपटलं. नवीन चष्मा बनवून दे त्याइले."

तेही खरंच होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. लिलाबाईला जरा हायसं वाटलं.

दुपारी पुरुष दोघं विहिरीवर होते. मार्टानं तिला गाडीत बोलावलं, कॉफी दिली. आत सगळं कसं लख्ख, चिमुकलं, भातुकलीसारखं. फ्रीजच्या दारावर फोटो चिकटवले होते, वीस-पंचवीस तरी. बर्फाचे डोंगर, वाळवंट, समुद्र, कुठलासा मेंढरांचा वाडा. सगळ्यांत मार्टा, तेच पोरीसारखं हसू. तिच्या शेजारी तो, खाकी जाकीट, गवती टोपी.

लिलाबाई वाकून बघायला लागली. टोपीच्या सावलीत चेहरे नीट दिसत नव्हते. पण एका फोटोत तो मार्टाच्या खांद्याइतका होता. एकात पोट सुटलेलं. एकात हात काळेसावळे, आणि मनगटात कडं. माणूस जाड होतो, बारीक होतो, उन्हानं रापतो, तिनं स्वतःला सांगितलं. माणूस बुटका कसा होतो ते तिला सांगता येईना.

"हे कोन?" तिनं कडंवाल्यावर बोट ठेवलं.

"माझे पती," फोन म्हणाला.

"न हे?"

"माझे पती." मार्टा कॉफीत साखर ढवळत होती. "प्रत्येक ठिकाणी लोक फार प्रेमळ असतात," फोननं पुढं सांगितलं. "ते म्हणतात, थांबा. कुणीतरी थांबतोच."

खिडकीतून विहीर दिसत होती. काठावर दोघं पाठमोरे बसले होते. लिलाबाईनं कॉफी तशीच ठेवली आणि ती घाईनं उतरली.

७

पाहुण्याला जा म्हणायचं कसं? उभ्या आयुष्यात तिनं हे केलं नव्हतं. भांडून आलेल्या नणंदेला नाही, महिनाभर पाय पसरून पडलेल्या चुलतसासऱ्याला नाही. शरमेनं तिचे कान तापले होते. पण तिला तिचा म्हातारा हवा होता. खेकसणारा, भाकरीला नावं ठेवणारा, थँक्यू न म्हणणारा. त्याच्यापुढं लोक काय म्हणतील याची तिला पर्वा उरली नव्हती.

संध्याकाळी ती थेट मार्टापुढं जाऊन उभी राहिली. "उद्या सकाळी तुरीले मजूर येऊन राह्यले. वावर खाली पाह्यजे. तुमी आता निघा."

पंजाबरावांनी मान खाली घातली. हेंड्रिकनंही घातली. मार्टाला मात्र राग आला नाही. ती तर खूश झाली. "अवश्य," फोन म्हणाला. "आता आमची तयारी झाली आहे."

लिलाबाईला इतकं हलकं वाटलं की रात्री तिनं सगळ्यांना पुरणपोळ्या वाढल्या. आणि मग, हलकं झालेलं माणूस जे करतं तेच तिनं केलं. पाहुण्याला रिकाम्या हातानं काढायचं नाही, आहेर करायचा, आणि आहेर अंगावर चढवूनच पाहुण्यानं उंबरा ओलांडायचा. पेटीत पंजाबरावांसाठी शिवून आणलेला कोरा पांढरा सदरा-पायजमा होता. तो तिनं हेंड्रिकला दिला, वर पांढरं उपरणं. मार्टाला इरकली लुगडं.

हेंड्रिक पडद्याआडून कपडे घालून आला. ताडमाड माणूस, पायजमा गुडघ्याखाली कसाबसा येईल असं लिलाबाईनं धरलं होतं. पायजमा घोट्यापर्यंत नीट बसला होता. शिंप्यानं कापड जास्त सोडलं असेल, तिनं मनात म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तिकडं बघितलं नाही.

"परतफेड," फोन म्हणाला. मार्टानं खाकी जाकीट आणि टोपी पंजाबरावांना चढवली. बाह्या मनगटाला बरोबर.

"कसा दिसतो वं?" पंजाबरावांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, तोच, एसटीच्या धुरानं खरडलेला. लिलाबाईचे डोळे भरून आले.

"साहेब दिसता," ती म्हणाली. "उद्या काढून ठेवजा. धम्मदीपाले दाखवू."

८

सकाळ छान उजाडली होती. तुरीवर दव, हायवेवर ऊन. गाडी सुरू झाली तेव्हा लिलाबाईला एकदम आठवलं की वाटेसाठी बांधलेल्या भाकरी चुलीपाशीच राहिल्या. ती आत धावली, फडकं उचललं, गाठ सुटली होती ती मारली. एवढाच काय तो वेळ.

बाहेर आली तर गाडी निंबाखालून निघालेली. सूर्य समोर, काचेवर नुसतं ऊन. ड्रायव्हरच्या जागी टोपीचा काठ दिसला आणि हलणारा हात. शेजारी मार्टा दोन्ही हात हलवत होती. इकडं धुऱ्यावर पांढरा सदरा, पांढरं उपरणं, पाठमोरा माणूस हात वर करून उभा.

रात्रीच काढून परत दिलं वाटते जाकीट, लिलाबाईला वाटलं. आपला सदरा मागून घेतला. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, भाकरीचं फडकं तसंच हातात, आणि तिनंही हात हलवला. गेली एकदाची बला. हसूच आलं तिला, स्वतःच्या भित्रेपणाचं. आता आज दिवसभर याच्याकडून भाकरीला नावं ठेवून घ्यायची आणि एक शब्द उलटा बोलायचा नाही, असं तिनं ठरवलं.

गाडी हायवेला लागली, मालेगावकडं वळली. पुढं फाट्यावर गावातली मनकर्णाबाई गाठोडं घेऊन एसटीची वाट बघत होती. म्हातारीला नीट दिसत नाही. मोठं काही आलं की ती हात करते. तिनं हात केला.

गाडीचा डावा दिवा लुकलुकायला लागला. गाडी हळू झाली, रस्त्याच्या कडेला उतरली आणि म्हातारीच्या अगदी पायाशी येऊन थांबली. डावीकडच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. चढ माय, घाई नको करू, सावकाश. एकतीस वर्षं, या रस्त्यावरच्या प्रत्येक म्हातारीसाठी, तशाच दोन थापा.

मनकर्णाबाई भांबावून मागं सरली. गाडी थोडा वेळ थांबून राहिली. मग निघाली.

लिलाबाईच्या हातातल्या भाकरी धुऱ्यावर पडल्या. बेचाळीस वर्षांत तिनं नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. अहो, अवो, धम्मदीपाचे बाबा, याच्यापुढं गाडी गेली नव्हती. आता ती छाती फुटेल एवढ्या जोरानं ओरडली, "पंजाबराव!"

तिकडं वळणावर गाडीचे मागचे लाल दिवे लागले आणि तसेच लागून राहिले.

"काय वं," तिच्या खांद्यापाशी कुणीतरी प्रेमानं म्हणालं, "कायले वरडून राह्यली? इथंच तं हाव मी."